आतलं काम आज, बाहेरचं उद्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’ हा विषय दिला आहे. पण माझी १९९६ ची मारुती ८०० गेले दोन महिने पार्किंगमध्ये इंजिनाविना उभी आहे आणि भेटेल तो तिचीच चौकशी करतो. तेव्हा एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली ही गाडी. आमच्या सौ. याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या. आता ती निळा धूर सोडू लागली, म्हणजे रिंगा झिजल्या आणि ऑइल जळतंय. मेस्त्री म्हणाले, “काका, इंजिन खोलावं लागणार.” ऑटोमोबाईल शिकणारा नातू लगेच म्हणाला, “आजोबा, खोलतोच आहोत, तर पुढे टर्बो बसेल असं बांधू या.”

टर्बो म्हणजे काय? सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटा पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आमच्या ७९६ सीसीच्या इंजिनाची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतच. सुझुकीने जपानमध्ये १९८७ साली याच घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनाला वेगळं हेड आणि टर्बो लावून ६४ अश्वशक्ती काढली होती.

पण मेस्त्रींनी माझ्यापुढे एक फुटका पिस्टन ठेवला. कुणीतरी जुन्या इंजिनावर तसाच टर्बो चढवला होता. दाब वाढला, पेट्रोल अवेळी पेटू लागलं आणि पिस्टनची रिंगांमधली कड तुटली.

मी पडलो बँकेतला माणूस. कागदावर दोन रकाने पाडले. पहिल्यात, इंजिन बंद झाल्यावर जिथे हात पोचत नाही अशी कामं: मजबूत फोर्ज्ड पिस्टन, उष्णतेने फुगून टोकं एकमेकांना भिडू नयेत म्हणून रिंगांत थोडी जास्त फट, स्टीलचं हेड गास्केट, क्रँकचं बॅलन्सिंग. शिवाय टर्बोतून ऑइल परत यायला ऑइल चेंबरला आत्ताच एक तोंड वेल्ड करून बूच लावायचं. दुसऱ्यात, बाहेरून नट-बोल्टने लागणारं सगळं: टर्बो, मोठा रेडिएटर, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन. पहिला रकाना आज, दुसरा पैसे जमतील तसा.

वाद झाला तो कॉम्प्रेशनवर. टर्बोसाठी ते कमी हवं. पण ते फार उतरवलं आणि टर्बो कधी आलाच नाही, तर गाडी कायमची मंद आणि पेट्रोलखाऊ. शेवटी थोडंसंच उतरवायचं आणि पुढे टर्बोचा दाबही बेताचाच ठेवायचा, असं ठरलं.

मग मी तिसरा रकाना पाडला: कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत आरसी बुकाशी विसंगत असा मूळ बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर समोरच्या माणसाची भरपाई कोण करणार? मी स्पष्ट सांगितलं, आरटीओची लेखी परवानगी नाही तोवर टर्बो रस्त्यावर नाही. नातू दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कागद मागून घेतला आणि सगळ्यात वर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आधी ब्रेक’. त्यानंतरच मी चेक फाडला.

पुढच्या महिन्यात गाडी सुरू होईल. फोर्ज्ड पिस्टन थंड असताना थोडी टकटक करतात. सकाळी आवाज आला, तर कृपया तक्रारवहीत लिहू नये!

जाता जाता एक. येत्या सर्वसाधारण सभेत मीटर रूमच्या वायरिंगचा ठराव आहे. विजेवरच्या गाड्या आज आपल्याकडे मोजक्याच, म्हणून चार्जिंगचा खर्च आत्ता नको, असं काहींचं म्हणणं आहे. चार्जर आत्ता नकोच. पण भिंत फोडणारच आहोत, तर रिकामा पाइप आणि पॅनेलची जागा तेवढी ठेवून घेऊ या. भिंत दुसऱ्यांदा फोडायला माझ्या नातवाच्या पिढीला लावू नये, एवढीच विनंती.