माणसांत वावरताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला आज जो विषय दिला आहे तो दिसतो तितका सोपा नाही. चार माणसांत कसे वागावे व कसे बोलावे, हे काय शिकविण्यासारखे आहे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या समाजातील तरुण-तरुणी आज शहापूर व मुरबाड तालुक्यांत शिक्षक, परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक, दुकानदार अशा नात्यांनी वावरतात. त्यांचा सारा दिवस परक्या माणसाशी बोलण्यात जातो. हे बोलणे बिघडले म्हणजे काम बिघडते, आणि त्याचा भुर्दंड बहुधा बोलणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला पडतो.

एक उदाहरण सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात एक कातकरी बाप मुलाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत तीन वेळा गेला. तीनही वेळा समोरच्या गृहस्थाने मान वर न करता 'उद्या ये' एवढेच सांगितले. कोणता कागद कमी आहे, हे एका वाक्यात सांगता आले असते. प्रत्येक खेपेला त्या बापाची एका दिवसाची मजुरी बुडाली. चौथ्यांदा तो गेलाच नाही आणि मुलाचे ते वर्ष गेले. कायद्याने पाहता त्या गृहस्थाने कोणताही गुन्हा केला नव्हता!

आता 'अरे-तुरे'विषयी. आपल्याकडे साठी उलटलेल्या कातकऱ्याला किंवा ठाकराला दहा वर्षांचे पोरही 'ए' म्हणून हाक मारीत असे. काही घरांत अद्याप मारते. ही जुनी रीत आहे, असे समर्थन मी ऐकले आहे. रीत जुनी आहे खरी, पण ती चांगली नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बोलींत लहानथोरांना सरसकट 'तू' म्हणण्याची पद्धत आहे. त्यात अनादराचा लवलेश नसतो. नवा अधिकारी मात्र 'मला तू म्हणतो!' म्हणून संतापतो. ज्याचे 'तू' निर्मळ आहे त्याच्यावर रागवायचे आणि आपले 'तू' मात्र हक्काचे मानायचे, हा कोणता न्याय?

माणसांपर्यंत पोहोचावे कसे, याचा उत्तम धडा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घालून दिला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (2014 साली जिल्ह्याची विभागणी झाल्यापासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.) बालवाडी काढली, परंतु पाड्यांवरची मुले येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो? 'या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही.' या दोघी बायकांनी तसे म्हटले नाही. मुले येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या नावाचा उगम तोच. मुलांना आधी अंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले व तेथे कुरणशाळा भरली. गुरे चारणे सोडून द्या, असा उपदेश त्यांनी केला नाही, कारण त्या घराचे पोट गुरांवर होते. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपल्या किती लेकीसुना अंगणवाडीत सेविका आहेत! त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

मला यात विशेष वाटते ते असे की, या दोघींनी आधी कारण शोधले. आपण आधी निकाल देतो. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर मूल महिनोन्‌महिने गैरहजर दिसते. बापाला 'पोराला शाळेत का धाडत नाहीस?' असे दरडावले तर तो मान खाली घालतो, 'धाडतो' म्हणतो आणि आठ दिवसांनी भट्टीवर निघून जातो. त्याने भट्टीवाल्याकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फेडल्यावाचून त्याची सुटका नसते. हे त्याने आपल्याला सांगावे असे वाटत असेल तर त्याच्या ओटीवर बसले पाहिजे, त्याने दिलेले पाणी प्यायले पाहिजे आणि मुख्य म्हणजे काही वेळ गप्प राहिले पाहिजे. गप्प राहणे हे आम्हा मास्तर मंडळींना सर्वांत कठीण जाते, हे आपण ऐकतच आहात.

म्हसे येथील पौषातल्या यात्रेचा गुरांचा बाजार आपल्याला परिचित आहे. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, हेही आपण पाहिले असेल. त्या व्यवहारातील लबाडी आपण घेऊ नये. पण चारचौघांत एखाद्याची किंमत उघडी करायची नाही, एवढे घेण्यासारखे आहे. हाताखालच्या माणसाची चूक दाखवायची ती बाजूला नेऊन. हे घरातही लागू आहे. पाहुण्यांदेखत सुनेच्या स्वयंपाकाची उणीदुणी काढणाऱ्या सासवा सभागृहात कोणी नसतीलच, म्हणून तो विषय सोडून देतो.

मंडळापुढे एक सूचना ठेवून माझे बोलणे थांबवितो. आपल्या समाजातील जे तरुण नव्याने डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूस नोकरीवर रुजू होतील, त्यांच्यासाठी मंडळाने दर जून महिन्यात एक दिवसाची बैठक घ्यावी. त्या बैठकीत भाषण मी करणार नाही. त्या पाड्यांवरचीच दोन वडीलधारी माणसे सन्मानाने बोलवावीत, त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मंडळाने द्यावी, आणि आपल्या मुलांनी त्यांचे ऐकावे. खर्च फार येणार नाही. पहिल्या वर्षाचा मी देतो.