पहारा नको, सोबत हवी

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात सोलापूर येथे केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून)



मधुमेहावर बोलायचे म्हटले की ‘साखर खाऊ नका, फिरायला जा, गोळ्या चुकवू नका’ असा उपदेश होणार, हे आपण गृहीत धरता. तो उपदेश आपल्या सर्वांना पाठ आहे. तरीही आपल्या वस्तीत कोणाचा पायाचा अंगठा काढावा लागतो, कोणाची दृष्टी जाते, कोणाला डायलिसिसला न्यावे लागते. माहिती असूनही असे का होते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

माझे उत्तर सरळ आहे. मधुमेहाचा रोगी महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटे डॉक्टरांसमोर बसतो. उरलेला सगळा महिना तो घरात, यंत्रमागावर, विड्यांच्या सुपापुढे, चहाच्या गाड्यावर काढतो. या आजाराचा खरा निकाल दवाखान्यात लागत नाही, तो ताटावर लागतो. आणि ताटाशी डॉक्टर नसतात, घरचे आणि शेजारचे असतात. म्हणून हा आजार एकट्या रोग्याचा नसून सबंध घराचा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा, लठ्ठ माणसांचा आजार आहे ही समजूत आता सोडली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते, असे त्यांना आढळले. म्हणजे अंगाने काटकुळा असलेला कामगारही ‘मला कशाला होईल?’ असे म्हणून निर्धास्त राहू शकत नाही.

बंधू-भगिनींनो, मधुमेह असलेल्या घराचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना त्यांना पायांच्या वेदनांनी झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आपल्या माईसाहेब. पथ्य, औषध, विश्रांती हे सारे त्यांनी पाहिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या दीर्घ आजाराचा उल्लेख केला आहे आणि पत्नी व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळेच आपण हे काम पुरे करू शकलो, असे नमूद केले आहे.

यातून काय घ्यायचे? ज्यांच्या विद्वत्तेपुढे जग नमले, त्या महापुरुषालाही या आजारात दुसऱ्या माणसाची गरज लागली, आणि ती उघडपणे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपणच आजार का लपवतो? बाबासाहेबांच्या घरी डॉक्टर पत्नी होती. आपल्या घरी ती नाही. म्हणून आपल्याला शेजारपाजारची पाच-सहा घरे एकत्र आणावी लागतील.

सोबत कशी असावी, याची एक सुंदर गोष्ट संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित अतिशय खात असे. एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी भोजनात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. तेथे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने स्वतः त्याला सांगितले की, ही गाथा पाठ कर आणि माझे जेवण वाढले जाईल तेव्हा म्हणत जा. त्यासाठी त्याला रोजचे मानधनही ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार मर्यादेत आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या गोष्टीत दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, केवळ उपदेश पुरला नाही. जेवणाच्या वेळी जवळ एक माणूस लागला. दुसरी त्याहून महत्त्वाची. त्या माणसाला राजाने स्वतः बोलावले होते. सुदस्सन पहारेकरी नव्हता, सोबती होता.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. मुलगा वडिलांच्या हातातला पेढा ओढून घेतो. सून सासूबाईंना चारचौघांत म्हणते, ‘तुम्हाला शुगर आहे ना?’ मग वडील बाहेर गाड्यावर गोड चहा पितात आणि घरी सांगत नाहीत. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी जेवण कमी करून आकडा चांगला आणतात. पहाऱ्याने माणूस सुधारत नाही, तो लपवायला शिकतो. (अशा लपवालपवीला तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी फसत नाही, हेही सांगून ठेवतो.) साखरेचा आकडा म्हणजे गुणपत्रिका नव्हे. तो वाढला तर ‘काय खाल्ले?’ असे दरडावू नये. ‘या आठवड्यात काय अडचण आली?’ असे विचारावे.

आणि घरातल्या बाईचे काय? ती सर्वांना वाढून उरलेले, अवेळी खाते. तिची साखर कोणी तपासत नाही. तिला गोळ्या चालू असल्या तरी नवऱ्याच्या, मुलांच्या खर्चानंतर तिचा नंबर लागतो. मुलीला लहानपणीच टाइप-१ मधुमेह झाला असेल तर लग्न जमणार नाही या भीतीने इन्सुलिन लपवून टोचले जाते. या प्रकारात इन्सुलिन हेच जीवन आहे. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. त्याआधी अशी मुले जगत नसत. ज्या औषधाने मुलगी जगते, त्याची लाज कसली?

आता कामाचे बोलू. प्रत्येक गल्लीत ज्यांच्या घरी मधुमेह आहे अशी पाच ते आठ घरे एकत्र यावीत. विहारात वंदनेनंतर पंधरा दिवसांतून एकदा एक तास बसावे. रोगी आणि घरचे एक माणूस, दोघांनी यावे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाइतकाच त्याच्या घरच्यांनाही आधार लागतो हे ओळखले. मधुमेहातही तसेच आहे.

गटाचे नियम चारच ठेवावेत. एक, येथे ऐकलेले बाहेर जाणार नाही. दोन, कोणी कोणाला दोष देणार नाही. तीन, कोणी कोणाच्या गोळ्या बदलणार नाही वा आपली गोळी दुसऱ्याला देणार नाही. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. चार, न विचारता सल्ला देणार नाही.

गटात काय बोलावे? आपल्या सोलापूरच्याच गोष्टी. ज्वारीची भाकरी चांगली, पण ‘भाकरीच आहे’ म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. कामावर दिवसातून सहा वेळा चहा होतो. त्यातली साखर मोजावी. रात्रपाळी असलेल्याने गोळी आणि जेवण यांची वेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावी. विडी वळणाऱ्या भगिनींनी दर तासाला उठून चार पावले चालावे. मिश्री आणि तंबाखू सोडावी, कारण मधुमेहात रक्तवाहिन्यांचे नुकसान आधीच होत असते.

उन्हाळ्यात येथे पारा चाळीसच्या वर जातो. पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाचे तळवे तापलेल्या फरशीवर भाजतात आणि त्याला कळतही नाही. म्हणून अनवाणी चालू नये आणि रोज रात्री घरच्या माणसाने तळपाय पाहावेत. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके ठेवावे, वर ओले फडके टाकावे आणि इन्सुलिन कोरड्या डबीत घालून त्या लहान मडक्यात ठेवावे. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. शेजारच्या एका फ्रीजमध्ये चार घरांचे इन्सुलिन राहू शकते. सोबत म्हणजे हीच.

साखर एकदम उतरण्याची लक्षणे तर प्रत्येकाला ठाऊक हवीत. घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे अडखळते, माणूस विनाकारण चिडतो. लोक म्हणतात, ‘प्यायलाय.’ अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर जेवू घालावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना प्रत्येक तुकडीत हे जाणणारा एक तरी माणूस असावा, आणि त्याच्या पिशवीत साखरेची पुडी असावी.

अशा गटांनी सारे काही साधते, असा दावा मी करणार नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मधुमेहाचा धोका असलेल्या सुमारे एक हजार लोकांमध्ये दोन वर्षे असा प्रयोग झाला. गटांचे पुढारी त्याच वस्तीतले साधे लोक होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण निश्चितपणे घटले असे सिद्ध झाले नाही. परंतु दारू कमी झाली आणि फळे-भाज्या खाणे वाढले. म्हणजे आजाराचा कायमचा बंदोबस्त होत नाही, पण रोजचे जगणे सुधारते. रोजचेच तर जगायचे आहे!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे खास मागणे आहे. तुमच्या गल्लीतील एका घराची जबाबदारी घ्या. आजीच्या तपासणीची तारीख वहीत लिहा. डॉक्टरांचा कागद वाचून दाखवा. वर्षातून एकदा डोळ्यांची आणि लघवीची तपासणी झाली का, ते विचारा. तीस वर्षांवरील माणसांना सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी घेऊन जा. शिकलेल्याने आपल्या समाजाचे ऋण फेडावे म्हणतात, ते अशा लहान कामांतूनच फिटते.

आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी आहोत. आपल्या गल्लीत कोणी एकट्याने सुई टोचून घेत असेल, तर त्याच्या दारात जा. आधी विचारा, ‘मी येऊ का?’ तो ‘ये’ म्हणाला, तर त्याच्याजवळ बसा. तेथूनच आपल्या कामाला सुरुवात होईल.