झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे



"आमचा मुलगा रात्री दोनपर्यंत वाचत बसतो," असे पालक अभिमानाने सांगतात. पण वाचलेल्यातले लक्षात किती राहते, हे कोणी पाहत नाही.

१९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच पाहिले. दोन विद्यार्थ्यांकडून त्यांनी १०-१० निरर्थक शब्द पाठ करून घेतले. त्यानंतर ८ तास जागे राहिल्यावर जेमतेम एखादा शब्द आठवला. तेवढाच वेळ झोप घेतल्यावर ५-६ आठवले. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो, हे पुढील संशोधनानेही दाखविले. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सांगितले.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांचे घर एका खोलीचे. तेथे मुलाची झोप ही साऱ्या घराची जबाबदारी ठरते. रात्री टीव्ही वेळेवर बंद करा, मुलांचा मोबाईल आपल्यापाशी ठेवा. विद्यार्थ्यांनो, पहाटे उठून अभ्यास करायचा असेल तर रात्री लवकर झोपा. परीक्षेच्या आदल्या रात्री तर जागूच नका. वर्षभराची मेहनत त्या एका रात्रीत गमावू नका.