अनोळखी स्नेह आणि आभासी नफा



व्यापारात विश्वास हेच खरे भांडवल होय. जुन्या पेढ्यांवर लाखोंचे सौदे केवळ शब्दावर होत; मात्र शब्द देणाऱ्याचे गाव, घराणे आणि पत ठाऊक असे. आज मोबाईलच्या पडद्यावर नेमके उलटे घडत आहे. ज्याचा ठावठिकाणाही ठाऊक नाही, अशा व्यक्तीच्या गोड बोलण्यावर आयुष्याची पुंजी सोपविली जाते. प्रेमाचे किंवा मैत्रीचे सोंग घेऊन क्रिप्टो चलनात पैसे गुंतवावयास लावणारी ही फसवणूक प्रत्येक कुटुंबाने समजून घेतली पाहिजे.

तिचा आरंभ साधा असतो. व्हॉट्सॲपवर चुकून आल्यासारखा एखादा संदेश येतो, किंवा विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख होते. समोरची व्यक्ती सुशिक्षित, श्रीमंत आणि बहुधा परदेशस्थ असते. जेवण झाले का, औषध घेतले का, अशी विचारपूस रोज होते. कित्येक आठवडे पैशाचा विषयही निघत नाही. मग सहज बोलता बोलता स्वतःच्या नफ्याचे आकडे दाखविले जातात आणि एक ॲप घ्यावयास सांगितले जाते. पहिली रक्कम लहान असते व नफ्यासह ती खरोखर परत मिळते. हेच गळाला लावलेले आमिष! पुढे मुदत ठेवी मोडतात, दागिने गहाण पडतात. पडद्यावरील आकडे फुगत राहतात. परंतु ते ॲपच ठकांनी रचलेले असते. वहीत लिहिलेला नफा आणि गल्ल्यात आलेली रोकड यांतील भेद व्यापाऱ्याला सांगावा लागू नये.

रक्कम काढू जाता 'आधी कर भरा' असा निरोप येतो. येथे कायदा ठाऊक असावा. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर लागू आहे. अधिभार व उपकर निराळे. तो कर सरकारकडे भरावयाचा असतो, ॲपच्या मालकाकडे नव्हे. १ जुलै २०२२ पासूनची १ टक्का करकपातही देय रकमेतूनच वळती होते. स्वतःचेच पैसे मिळविण्यासाठी आणखी पैसे मागणारा ठकच समजावा. त्याचे ऐकत गेल्यास बुडत्याचा पाय खोलात जातो.

शिकलेला माणूस यात फसत नाही, हा भ्रम आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एल्कहार्ट या छोट्या गावी हार्टलँड ट्राय-स्टेट बँक होती. तिचा मुख्याधिकारी शान हेन्स अशाच क्रिप्टो जाळ्यात सापडला. २०२३ साली त्याने बँकेचे ४ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर ठकांच्या घशात घातले. चर्चचा पैसा आणि मुलीच्या शिक्षणाची पुंजीही त्यात गेली. जुलै २०२३ मध्ये बँक बुडाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला २४ वर्षांहून अधिक कारावास झाला. स्वतः फसलेला मनुष्य इतरांनाही बुडवितो, तो असा.

पडद्यापलीकडेही दुःखच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपलेली असावीत. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने खोट्या नोकऱ्यांच्या आमिषाने त्या भागात नेलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांतून परत आणले. परदेशी नोकरीस निघालेल्या तरुणांच्या पालकांनीही याची नोंद घ्यावी.

यास्तव काही पथ्ये पाळावीत. प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून एक रुपयाही गुंतवू नये. व्हिडिओवरील चेहराही आता बनावट असू शकतो. 'घरी सांगू नकोस' असे कोणी म्हटले, की तीच सर्वांत मोठी खूण मानावी आणि त्याच दिवशी घरी सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, बँकेस कळवावे व संभाषणे पुसून टाकू नयेत. जितका विलंब कमी, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. 'शुल्क द्या, बुडालेले पैसे सोडवून देतो' म्हणणारा बहुधा दुसरा ठक असतो.

या गुन्ह्याला चिनी ठकांनी दिलेले नाव डुकराला खाऊ घालून पुष्ट करणे व मग कापणे अशा अर्थाचे आहे. अशा नावाने फसलेल्यांना लज्जित व्हावे लागते आणि ते तक्रारीस पुढे येत नाहीत, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने ते वापरू नये असे आवाहन केले. त्यातील बोध समाजासाठीही मोलाचा आहे. एकाकी विधुर, वयस्क भगिनी, लग्नाची वाट पाहणारा तरुण यांच्याशी घरातील कोणी रोज चार शब्द बोलले, तर अनोळखी माणसाच्या विचारपुशीचे मोल आपोआप घटेल. आणि एखादा फसला, तर त्याचे हसे करू नये. लोक काय म्हणतील या भयाने तो गप्प राहिला, तर ठकाला हवा तेवढा वेळ मिळतो.