इंदूरच्या खड्ड्यांतले खत

सेंद्रिय शेतीचा इतिहास बहुधा इंग्लंडपासून सांगतात. लॉर्ड नॉर्थबोर्न यांचे ‘लुक टू द लँड’ हे पुस्तक १९४० चे, लेडी ईव्ह बाल्फोर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सॉइल असोसिएशन १९४६ ची. मला मात्र तुम्हाला त्याआधीच्या होळकरांच्या इंदुरात न्यायचे आहे.

१९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू केली. तोवरचा त्यांचा बराच काळ बिहारमध्ये पुशाला गेला होता. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. पुशाचे नामांकित गहू दोघांच्या मेहनतीचे. इथले शेतकरी आणि पिकावरची कीड यांना हॉवर्ड आपले गुरू मानत. कीड पडली की मातीचे काय बिघडले ते आधी पाहायचे, ही त्यांची रीत.

माळव्यातली काळी जमीन कापसाची. पऱ्हाट्या आणि तुराट्या इतक्या टणक की सहज कुजत नाहीत. मग त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. तो चुरा इतर काडीकचऱ्यासह गुरांखाली पसरायचा, मग शेण, मूत मुरलेली गोठ्यातली माती आणि राख घालून खड्ड्यात रचायचा. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, खोली अवघी २ फूट, कारण आत हवा खेळली पाहिजे. ओल सांभाळत तीनदा खालीवर केले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. शेण थोडेच लागे, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. सरपणाअभावी गोवऱ्या थापणाऱ्या घराला ‘शेण जाळू नका’ असे नुसते सांगणे क्रूरपणाचे आहे.

ही आपली प्राचीन विद्या होती, गोऱ्यांनी ती नेली, असेही काही जण अभिमानाने म्हणतात. मला ते पटत नाही. हॉवर्डना चीनच्या शेतकऱ्यांची खत करण्याची वाट दिसली ती अमेरिकी एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून. कर्ब-नत्राचे प्रमाण त्यांनी प्रयोगशाळेत तपासले. १९३१ साली ही पद्धत ग्रंथरूपात आली, तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावे होती: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. यातले दुसरे नाव आज कोणाच्या ओठी नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

पुढे इंग्लंडमध्ये ‘मातीकडे परत चला’ म्हणणाऱ्यांत मोठे जमीनदार होते; लॉर्ड लिमिंग्टन, रॉल्फ गार्डिनर यांच्यासारख्यांची ओढ तर उघडपणे उजव्या राजकारणाकडे होती. तिथे माती पूज्य झाली. इंदुरात मात्र हिशेब कामाचा होता: शेतकऱ्याकडे आहेत तेवढ्याच बैलांत आणि माणसांत खत किती निघेल? १९३५ साली गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी हे खड्डे स्वतः पाहिले.