कुत्री पावलांचं ऐकते



गडमुडशिंगीत आमच्या शेजारच्या पोराकडे कारवान कुत्री आहे. कारवान म्हणजेच मुधोळ. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही शिकारी जात. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. पोरानं ऊस निघालेल्या रानात बांबू आडवे बांधले, पोत्यांचा बोगदा शिवला आणि कुत्रीला अडथळ्यांची शर्यत शिकवायला घेतली.

घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून सुचलेला हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. उड्या, बोगदा, हलती फळी, काठ्यांमधली नागमोडी धाव हे सारं ठरल्या क्रमानं, कमीत कमी वेळात पार करायचं. क्रम दर शर्यतीला बदलतो. माणूस आधी रिंगण चालून पाहतो. कुत्र्याला ती मुभा नाही. शर्यतीत दोरी नाही, खाऊ नाही, अंगाला हात लावणं नाही. वाट ठाऊक एकाला आणि उड्या मारायच्या दुसऱ्यानं!

एका संध्याकाळी पोरगं वैतागलं. "चाचा, हिला अक्कलच न्हाई. उजवीकडं म्हणतोय तर डावीकडं जातीया. उद्या देऊन टाकतो कुणालातरी."

मी शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस. तरी बांधावर बसून त्याच्या पायांकडेच पाहिलं. तोंड 'उजवीकडं' म्हणत होतं, पण खांदा आणि पावलं डावीकडे वळलेली. कुत्री पावलांचं ऐकत होती. चूक तिची नव्हती.

म्हटलं, "बाळा, हिला बांधून ठेव. आधी तू एकटा पळ."

आठवडाभर तो रिकाम्या रानात एकटाच पळाला. येणारे-जाणारे हसले. पण चार गोष्टी त्याच्या अंगात मुरल्या. कुत्रीनं उडी घेण्याआधीच पुढची दिशा दाखवायची. ती हवेत गेल्यावर सांगितलं तर वळण लांबतं. बाजू बदलायची तर तिच्याकडे तोंड करून समोरून वळायचं, किंवा ती पुढे गेल्यावर मागून. आयत्या वेळी घुटमळायचं नाही. हात, खांदा, पावलं, सगळ्यांनी एकच सांगायचं. आणि चुकली तर रागवायचं नाही. रागावलेल्या माणसाचं कुत्रं वेगानं पळत नाही. दर पावलाला त्याचा चेहरा बघतं. पिल्लू असेल तर बांबू जमिनीवरच ठेवायचा, हाडं भरेपर्यंत उंच उडी नाही.

पुढच्या रविवारी कुत्री सोडली. पोरगं तोंडातून शब्द न काढता पळालं आणि ती सरळ बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे वळली. देऊन टाकायची भाषा त्यानं पुन्हा काढली नाही.

मी खुशीत घरी आलो. नातवाला म्हटलं, "पुस्तक घे." तो जागचा हलेना. रागावणार होतो, तेवढ्यात ध्यानात आलं, माझ्याच हातात मोबाइल होता.