गव्हाच्या मुलुखातलं वेगळं पान

(समाजाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभा एकच जण असला तरी जे सांगायचं आहे ते आम्हा दोघांचं, नवरा-बायकोचं आहे. म्हणून सुरुवातीपासून ‘आम्ही’च म्हणतो. आम्ही डॉक्टर नाही. सरकारी नोकरीवर चालणारं साधं घर आहे. पण गेली पाच वर्षं आमच्या स्वयंपाकघरात गहू वर्ज्य असलेलं एक पान वाढलं जातं. त्या पानानं आम्हाला जे शिकवलं ते गणपतीच्या आधी तुमच्या कानावर घालावं, एवढाच हेतू.

आपलं इंदूर म्हणजे गव्हाचं गाव. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी, रविवारी दाल-बाफले, सणाला पुरणपोळी आणि रोजच्या ताटात शरबती गव्हाची मऊ पोळी. आपले पूर्वज इकडे आले, कुणी होळकरांच्या पदरी, कुणी नंतर नोकरीनिमित्त, ते बहुतेक भाताच्या नाहीतर ज्वारीच्या मुलुखातून. चार-पाच पिढ्यांत आपण असे माळव्याचे झालो की पोळी नाही म्हणजे जेवण नाही. अशा घरात डॉक्टर सांगतात, ‘या मुलीला आता जन्मभर गहू नाही.’ आमच्या आईनं विचारलं, ‘मग ती जेवणार काय?’

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. उंची थांबलेली, पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. दीड वर्ष लोहाची औषधं झाली. कुणी जंत म्हणालं, कुणी दृष्ट काढायला सांगितली, कुणी म्हणालं पोर खाण्याचे नखरे करते. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची टीटीजी नावाची चाचणी करवली. नंतर दुर्बिणीनं लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि आजाराचं नाव कळलं: सीलिॲक.

आता हा आजार काय आहे ते थोडक्यात. गहू आणि जव यांच्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक तिंबल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. आपल्या लहान आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि ते अंकुर झिजतात. मग पोटभर खाल्लं तरी अंगी लागत नाही. उपाय एकच: ग्लूटेन पूर्ण बंद. ते बंद झालं की अंकुर पुन्हा वाढतात. आमच्याकडे वर्षभरात हिमोग्लोबिन बारावर गेलं, आणि दारामागच्या भिंतीवरच्या उंचीच्या खुणा पुन्हा वर सरकू लागल्या.

लोक याला सरसकट ॲलर्जी म्हणतात, पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगदाणा, काजू, दूध किंवा अंडं यांची ॲलर्जी असली तर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे दूध न पचणं. त्यात पोट बिघडतं, पण थोडं दूध पुष्कळांना चालतं. सीलिॲक तिसरं. त्यात थोडंसं चालत नाही, आणि नुकसान दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. प्रसाद खाल्ल्यावर मुलगी हसत-खेळत दिसली म्हणून काही झालं नाही असं धरता येत नाही.

गव्हाचा हा दोष कळला तो हॉलंडमध्ये. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथं मोठा दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. म्हणजे हे फॅड नव्हे, पाऊणशे वर्षांचं ज्ञान आहे. फॅड वेगळं आहे. वजन कमी करायला गहू सोडणारी मंडळी आज पुष्कळ दिसतात. त्यांना हात जोडून एक सांगणं: शंका असली तर आधी चाचणी करा, मग गहू सोडा. गहू आधीच बंद केला तर चाचणी खोटं बोलते, आजार असूनही तो दिसत नाही.

आता जरा नाजूक विषय. निदान झालं तेव्हा घरात, नात्यात सगळ्यांची बोटं आईकडे वळली. ‘चौथ्या महिन्यात वरचं दूध लावलंत ना, त्याचंच हे.’ ‘उष्टावणाच्या खिरीनंतर लगेच पोळी कुस्करून दिलीत.’ ज्या बाईनं दीड वर्ष दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या तिनं हे मान खाली घालून ऐकलं. यावर अभ्यास झालेला आहे. २०१४मध्ये युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आनुवंशिक धोका असलेल्या बाळांना गहू लवकर दिला काय, उशिरा दिला काय, आईचं दूध कमी काळ मिळालं काय, जास्त काळ मिळालं काय, आजार होण्याच्या प्रमाणात त्यानं फरक पडला नाही. उशिरा दिलं तर आजार थोडा उशिरा दिसला, इतकंच.

आईचं दूध सहा महिने निव्वळ द्यावं, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू ठेवावं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्याची कारणं भक्कम आहेत. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, तीही योग्यच. पण एखाद्या आईला दूध पुरलं नाही, ती आजारी होती, तिला कामावर परत जावं लागलं, तर तिच्या बाळाच्या प्रत्येक दुखण्याचा हिशेब तिच्या पदरात टाकायचा नसतो. इथं बसलेल्या सासवांना, आत्यांना, मावश्यांना, आणि आम्हा पुरुषांनाही, हे मुद्दाम सांगतो.

आजार रक्तातून येतो, म्हणून डॉक्टरांनी आई-वडील आणि भावंडांचीही चाचणी करायला सांगितली. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला तो निघतो. आमचा मोठा मुलगा त्या वेळी चौदा वर्षांचा, धडधाकट, क्रिकेट खेळणारा, कसलीही तक्रार नसलेला. त्याचीही चाचणी सदोष आली. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे बाफले बंद?’ आज इथं ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं रक्त वाढत नाही अशी मुलगी किंवा सून आहे, त्यांनी डॉक्टरांना ही एक चाचणी विचारून बघावी.

मग खायचं काय? आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर आईच्याच डब्यांत सापडलं. भात, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, मक्याची रोटी, पोहे, घावन, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. आपल्या उपासाचं जवळजवळ सगळं ताट तिला चालतं. ऋषिपंचमीची भाजी चालते. गौरीला ज्यांच्याकडे घावन-घाटलं असतं त्यांचा नैवेद्य चालतो. ज्वारीची भाकरी थापायला आमच्या घरातली पिढी विसरली होती. आईनं पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा थापून दाखवली, आता मुलगाही थापतो.

पण गहू लपूनही येतो. बाजारातल्या हिंगात डिंकाबरोबर पीठ मिसळलेलं असतं आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं, म्हणजे साधं फोडणीचं वरणही बाद. आजारी माणसाला आपण मऊ भातावर मेतकूट देतो, त्यातही भाजलेला गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो. चक्कीवर गव्हानंतर तांदूळ दळला की पाट्यात अडकलेली कणीक त्यात उतरते, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. सराफ्यातला गराडू म्हणजे कंदच, पण कचोरीच्या कढईत तळला की तो आमच्या कामाचा राहत नाही. आपल्या देशात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायच्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. किलोभर तांदळाच्या पिठात चिमूटभर कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ‘एवढ्यानं काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर या चिमटीत आहे.

आणि हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त कुठं ऐकू आला असेल, तर देवाच्या दारात. शाळेत डबा वेगळा देता येतो. लग्नात घरून जेवून जाता येतं. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे आपण मुलांना चालायला लागल्यापासून शिकवतो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. हात पुढे न करणारी मुलगी दिसली की कुणीतरी प्रेमानं म्हणतं, ‘देवाचा प्रसाद आहे बाळ, त्यानं कधी कुणाला काही झालंय का?’ सहा वर्षांच्या पोरीनं कुणाचं ऐकायचं, देवाचं की डॉक्टरांचं? एकदा आरतीनंतर ती मंडपात न थांबता बाहेर चपलांपाशी जाऊन बसली. प्रसाद वाटून होईपर्यंत तिथंच बसून राहिली. आजाराचं दुःख आम्ही कधीच पचवलं आहे. हे मात्र अजून पचलेलं नाही.

म्हणून येत्या गणेशोत्सवासाठी समाजापुढे चार विनंत्या ठेवतो. खर्च फारसा कशालाच नाही.

पहिली, रोजच्या आरतीला फळं, खिरापत किंवा उकडीचे मोदक ठेवावेत. उकडीचा मोदक तांदळाचा, गव्हाचा त्यात अंश नाही, फक्त पिठी स्वच्छ दळलेली हवी. तळणीच्या मोदकाची पारी मात्र कणकेची किंवा मैद्याची असते.

दुसरी, प्रसादाच्या ताटाशेजारी एक पाटी असावी: यात गहू, दूध, शेंगदाणे, सुकामेवा यांपैकी काय आहे. खिरापतीत बदाम असतो, पंचामृतात दूध असतं. ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे ती मुलंही आपलीच आहेत.

तिसरी, महाप्रसादाच्या दिवशी भात आणि बिनहिंगाचं वरण एका वेगळ्या पातेल्यात, स्वतःच्या पळीसह झाकून ठेवावं, आणि पोळ्यांची टोपली पंगतीत फिरण्याआधी वाढावं. वाढप्याचा एक हात पोळीला आणि तोच भाताला, असं होऊ नये.

चौथी विनंती तुम्हा प्रत्येकाला. मुलानं ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नका, आणि ‘का?’ असं चारचौघांत विचारू नका.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर आमच्या गुरुजींनी सुचवलेला मार्ग आहे. ते म्हणाले, घरून आणलेला डबा आरतीआधी उघडून मूर्तीपुढे ठेवा, त्याभोवती पाणी फिरवतो. नैवेद्य दाखवला की तुमच्या डब्यातलाही प्रसादच. गेल्या वर्षी घरच्या गणपतीत आम्ही तसंच केलं. मुलीनं डब्यातला राजगिऱ्याचा लाडू आधी सगळ्यांना वाटला आणि मग स्वतः खाल्ला. त्या दिवशी प्रसाद वाटणारी तीच होती.

यंदा समाजाच्या मंडपातही तिच्या हाताला काम मिळावं, एवढं मागून आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!